काटा चढतो आणि ए.सी. गरम हवा देतो तेव्हा

भिवंडीहून मालेगावला जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना कसारा घाट काही नवा नाही. मे महिना, मागच्या सीटवर तागे रचलेले, पुढे ट्रकची रांग, आणि डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा ‘एच’कडे सरकू लागतो. त्याच सुमारास ए.सी.ची हवाही गरम होते. पुष्कळ लोक याला दोन बिघाड समजून दोन कारागिरांना पैसे मोजतात. आमचे सांगणे असे की दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर सर्वांत आधी रेडिएटरचा पंखा पाहावा.

याचे कारण सोपे आहे. गाडीच्या तोंडाशी ए.सी.चा कंडेन्सर असतो आणि त्याच्या लगेच मागे इंजिनचा रेडिएटर. एक गॅसची उष्णता बाहेर टाकतो, दुसरा इंजिनच्या पाण्याची. गाडी वेगात असताना समोरचा वारा दोघांनाही पुरतो. गाडी थांबली किंवा रांगेत रखडली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून ए.सी. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम असेल तर गॅस संपला असे धरून चालू नये. इंजिन चालू ठेवून ए.सी. लावावा आणि बॉनेट उघडून, हात व कपडे दूर ठेवून बघावे. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. न फिरल्यास आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी मोटर तपासून घ्यावी. मोटर बदलण्याची घाई करणाऱ्याला फ्यूज दाखवायला सांगावे.

आपल्या धंद्यात आणखी एक अडचण असते. यंत्रमागाच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर रुई चिकटते, तिच्यावर धूळ बसते आणि नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा चांगला असूनही वारा आत शिरत नाही. हा थर मऊ ब्रशने आणि नळाच्या साध्या पाण्याने काढावा. जोरदार फवाऱ्याने बारीक पत्र्या वाकतात. आणि हेही लक्षात असू द्यावे की इंजिन फार तापले की अनेक गाड्या स्वतःच ए.सी.चा कॉम्प्रेसर बंद करतात. तो ए.सी.चा दोष नव्हे, इंजिनची राखण आहे.

काटा नेहमी खरेच सांगतो असेही नाही. सकाळी थंड गाडीची चावी फिरवताच काटा वर उडाला तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा, इंजिनचा नव्हे. उलट, चढलेला काटा एकाएकी खाली पडला तर खूश होऊ नये. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी गळून गेले की तो उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा थंड दाखवू शकतो. अशा वेळी हीटर लावून बघावा. इंजिन तापलेले असून हीटरची हवा थंड असेल तर पाणी कमी आहे किंवा फिरत नाही. काही नव्या गाड्यांत काटाच नसतो. तिथे लाल दिवा लागला की थांबायचे, पुढच्या ढाब्यापर्यंत नेण्याचा विचार करायचा नाही.

आपल्याकडे ‘गरम मुलुखात काय गरज’ म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकणारे कारागीर पुष्कळ आहेत. आम्हाला हे मुळीच पटत नाही. हा वॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसला की इंजिन योग्य उष्णतेला उशिरा पोहोचते आणि पेट्रोल जास्त खाते.

घाटात काटा चढू लागला तर ए.सी. बंद करून हीटर पूर्ण उघडावा. आतल्यांना त्रास होईल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, आणि हेडचे काम निघाले की एका फेरीचा नफा कुठल्या कुठे जातो.

पंखा आणि जाळी ठीक असूनही ए.सी. गार करत नसेल तरच गॅसकडे वळावे. ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरतो. झपाट्याने कमी झाला तर गळती आहे. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणारा कारागीर तुमच्या पैशाला गळती लावतो. आधी गळती काढून घ्यावी, मग व्हॅक्यूम करवून वजन करून गॅस भरावा. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. तेवढेच ग्रॅम बिलावर लिहून मागावेत.