परदेशातलं एक वर्ष, मध्य प्रदेशचा दाखला

सौंसर-पांढुर्ण्याची पोरं कॉलेजला नागपुरात, दवाखाना नागपूरचा, संत्र्यांचा बाजारही नागपूरचाच. १९५६ पर्यंत तर आपल्या छिंदवाडा भागाची राजधानीसुद्धा नागपूरच होती. त्यामुळे परदेशी शिकायच्या पैशाची चौकशीही साहजिकच तिथे सुरू होते, आणि पहिली फसगतही तिथेच. घरात मराठी, पदवी नागपूरची, मग महाराष्ट्राची शिष्यवृत्ती का मिळू नये? कारण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपला मूल निवासी दाखला मध्य प्रदेशचा, जातीचा दाखलाही मध्य प्रदेशचा. म्हणजे अर्ज करायचा तो भोपाळला किंवा दिल्लीला. मध्य प्रदेशात अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गासाठी विदेश अध्ययन शिष्यवृत्त्या आहेत. आपल्याकडे त्यांची चर्चाच कमी होते.

‘हे सगळं नव्वद टक्केवाल्यांसाठी,’ असं म्हणून पुष्कळ जण फॉर्मच भरत नाहीत. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घ्या. जागा १२५. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकीच्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांना. गुणांची अट ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत. खरी चाळणी विद्यापीठाची आहे, कारण ते जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेतलं असावं लागतं. ही मदत एमए-एमएस्सी आणि पीएचडीलाच मिळते, बीएला नाही. २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरच्या अभ्यासाला ती बंद केली आहे. हा नियम मला पटत नाही, पण विषय ठरवण्याआधी तो माहीत हवा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे, तिच्या जागा अवघ्या २०.

खुल्या गटातल्यांनाही वाट आहे. ब्रिटनची चेव्हनिंग नेमकी एका वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च उचलते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. टाटांच्या नावाचा निधी १८९२ पासून चालू आहे, पण तो देतो ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे पैसे परत करायचे. महिंद्रा ट्रस्टचे पैसेही परत करायचेच असतात, फक्त त्यावर व्याज नसतं.

आता कर्ज. आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘पाच एकर बगीचा आहे, बँक का नाही देणार?’ बँकांच्या ठरलेल्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यापुढे मालमत्ता गहाण ठेवावी लागते. ठरावीक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका ही अट सोडतात. पण ब्रिटन-अमेरिकेचं वर्ष साडेसात लाखांत कुठलं बसायला? आणि बहुतेक बँकांना बगीचा तारण म्हणून नको असतो. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळतो. शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. शेतकऱ्याला वाचवणारं हे कलम त्याच्या पोरीच्या शिक्षणाला आडवं येतं. शिवाय खसऱ्यावर आधीच किसान क्रेडिट कार्डाचा (केसीसी) बोजा चढलेला असतो. बँकेला हवं असतं ते डायवर्शन झालेला (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर, एफडी किंवा एलआयसीची पॉलिसी. मामाच्या नावावर तसं घर असेल तर मामालाही बँकेत यावं लागेल.

‘शिकताना व्याज लागत नाही’ हेही ऐकू येतं. शिक्षण संपून साधारण वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. २०२४ ला आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठीच आहे. तिच्या भरवशावर परदेशाचा बेत आखू नका.

सगळा पैसा एकाच हातातून यायला हवा, असंही लोक धरून चालतात. बाबासाहेबांचं उदाहरण पाहा. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तिच्यावर ते कोलंबियात शिकले. मुदत संपली तेव्हा १९१७ ला लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज घातलं, आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले.

राहिला व्हिसा. ‘काकांकडून आठवडाभर पैसे घेऊन खात्यात दाखवू’ हे ब्रिटनला चालत नाही. रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि ते खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं हवं. तिथे पार्टटाइम करून कमवू, हे त्या हिशेबात धरलंच जात नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना फी नाही, तरी राहण्या-जेवणाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक खात्यात भरून दाखवावे लागतात. आणि वेळ: चेव्हनिंगचा अर्ज निघतो ऑगस्टच्या सुमारास, जायचं पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. उत्पन्नाचा दाखला, तारणाची कागदपत्रं, इंग्रजीची परीक्षा हे सगळं त्याच तेरा महिन्यांत बसवायचं असतं.