दोराच्या दोन टोकांना

प्रस्तरारोहकांच्या गप्पांना रंग चढतो तो चढाई आटोपल्यावर. दोर गुंडाळून झालेला असतो, कॅराबिनर मोजून सॅकमध्ये गेलेले असतात, चुलीवर चहा उकळत असतो. एखादा नवखा म्हणतो, "डोंगरात आलं की कसं शांत वाटतं ना!" जुनी मंडळी लगेच त्याला धरतात. "शांत? मघाशी दुसऱ्या बोल्टच्या वर गेल्यावर पाय लटलट कापत होते, ते काय शांततेने?" हसणं ओसरतं आणि कुणीतरी सुरू करतो, "माझं एकदा असंच झालं होतं..." मग दगड कानाजवळून कसा गेला, हातात आलेलं खोबणीचं टोक कसं निखळलं, रॅपलिंग करताना दोराचं टोक संपत आल्याचं कसं उशिरा दिसलं, सगळं निघतं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, अशा या गोष्टी.

जगभरच्या आरोहकांच्या बैठकीत हे दोन विषय असेच लागोपाठ येतात: शांतता आणि थोडक्यात वाचणं. शिखरावरच्या निवांतपणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला ओढ आहे ती दुसऱ्या एका शांततेची. आपला जीव दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो हात सुटणार नाही, या खात्रीतून ती येते. ही खात्री कमवावी लागते आणि दर वेळी नव्याने तपासावी लागते.

सुरुवात १९५३मध्ये केटू शिखरावर घडलेल्या घटनेपासूनच करायला हवी. चार्ल्स ह्यूस्टन यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांची मोहीम वादळात अडकली. आर्ट गिल्की याच्या पायात रक्ताची गुठळी झाली, त्याला चालता येईना. त्या उंचीवरून आजारी माणूस उतरवणं जवळजवळ अशक्य होतं आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी त्याला सोडून जाण्याची भाषा केली नाही. १० ऑगस्टला त्याला तंबूच्या कापडात आणि स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून त्यांनी उतरणीवर घेतलं. जॉर्ज बेलचा पाय घसरला. त्याच्या दोरावरचा टोनी स्ट्रेदर ओढला गेला, त्यांचा दोर ह्यूस्टन आणि बॉब बेट्स यांच्या दोरात गुंतला, तिथून डी मोलेनारपर्यंत पोचला. पाच माणसं उतारावरून खाली निघाली. वर होता पीट शोनिंग, गिल्कीला दोर देत, आरोहकांच्या भाषेत बिले देत. त्याने आपली बर्फकुऱ्हाड गोठलेल्या खडकामागे ठोकून दोर तिच्या दांड्याला आणि स्वतःच्या अंगाला घेतला होता. नायलॉनचा तो दोर ताणला, बारीक झाला, पण तुटला नाही. पाच पडलेले आणि सहावा गिल्की, सगळ्यांचा भार एका माणसाने पेलला.

गोष्ट इथे संपली असती तर फार सुखाची झाली असती. जखमी मंडळी तंबू उभारत होती तेव्हा गिल्कीला जवळच उतारावर कुऱ्हाडींना बांधून ठेवलं होतं. परत येऊन पाहतात तर तिथे कुणीच नाही. हिमप्रपाताने नेलं, की इतरांचा जीव वाचावा म्हणून त्याने स्वतःच स्वतःला सोडवलं, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. उरलेले सातही जण जिवंत उतरले.

पुढची हकीकत मला त्या बिलेइतकीच महत्त्वाची वाटते. डोक्याला मार लागून भ्रमिष्टासारखा झालेला ह्यूस्टन बरा झाला आणि अतिउंचीवरच्या वैद्यकशास्त्रात त्याने मोलाचं काम केलं. १९६२मध्ये तो भारतात आला, अमेरिकेच्या पीस कोअरचा इथला पहिला संचालक म्हणून. या कामात त्याची सुमारे तीन वर्षं गेली. घसरगुंडीच्या क्षणी दोराबाहेर असलेला आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेला त्याच मोहिमेतला बॉब क्रेग, त्याने १९७५मध्ये कोलोरॅडोत कीस्टोन सेंटर स्थापलं. पर्यावरणाच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या वादांत विरोधी पक्षांना एका टेबलाशी बसवणं हे या संस्थेचं काम. एका कुऱ्हाडीमुळे हे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण एका दोरावर सहा जीव तोलले गेलेले पाहिलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर माणसं जोडत राहावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही.

दोर धरणारा कितीही भरवशाचा असला तरी दोर बांधलेला हवा. ९ मे १९८९ रोजी फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल एका सोप्या मार्गावर अंग मोकळं करत होती. तेव्हाच्या जगातल्या अव्वल आरोहकांपैकी ती एक. तिने दोर हार्नेसमधून ओवला, मग बूट बांधायला वळली आणि गाठ अर्धीच राहिली. वर जॅकेट होतं, त्याखाली गाठ झाकली गेली. वर पोचून ती दोरावर रेलली आणि सुमारे २२ मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून कोपर निखळण्यावर आणि पायाचं हाड मोडण्यावर निभावलं. चारच वर्षांनी, १९९३मध्ये, योसेमिटीतल्या एल कॅपिटनवरचा 'नोज' हा मार्ग तिने मुक्तपणे, म्हणजे साधनांवर भार न टाकता, चढून दाखवला. तोवर हे कुणालाच, बाई असो की पुरुष, साधलेलं नव्हतं.

हा किस्सा मी नवशिक्यांना आवर्जून सांगतो. अवघड जागी माणूस सावध असतो, सोप्या जागी मन निवांत होतं. चढायला लागण्यापूर्वी एकमेकांच्या गाठी, बकल आणि बिले डिव्हाइस हात लावून तपासायचं, हा नियम त्यासाठीच आहे. यात कुणी कुणावर अविश्वास दाखवत नाही. "दाखव बघू गाठ" म्हणणारा सोबती असला तरच कड्यावर मन खरं शांत राहतं.

आणि दोर कापावाच लागला तर? १९८५मध्ये पेरूतल्या सिउला ग्रांदे शिखरावर जो सिम्पसन या आरोहकाचा पाय मोडला. त्याचा सोबती सायमन येट्स दोन दोर जोडून त्याला टप्प्याटप्प्याने खाली सोडत होता, स्वतः बर्फात खणलेल्या खळग्यात बसून. अंधारात सिम्पसन एका कड्याच्या ओठावरून अधांतरी लटकला. येट्सच्या बुडाखालचा बर्फ सरकू लागला. वरच्याला खालचा दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. अखेर येट्सने दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडला, वाचला आणि तीन दिवसांहून जास्त काळ सरपटत तळछावणीवर पोचला. येट्सवर पुढे खूप टीका झाली. तिला सर्वांत ठाम उत्तर सिम्पसननेच दिलं. 'टचिंग द व्हॉइड' हे १९८८चं पुस्तक लिहिण्यामागे आपल्या सोबत्यावरचा डाग पुसण्याची तळमळ होती आणि येट्सच्या जागी मीही तेच केलं असतं, ही त्याची भूमिका कायम राहिली. आरोहकांच्या साऱ्या वाङ्मयात क्षमेचा याहून मोठा दाखला मला सापडलेला नाही. मला तर हा शब्दही तोकडा वाटतो, कारण सिम्पसनच्या लेखी क्षमा करण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

कड्यावर असलं म्हणजे जगातल्या लढाया चुकतात, हा समजही खोटा आहे. ऑगस्ट २०००मध्ये किर्गिझस्तानातल्या कारासू खोऱ्यात टॉमी काल्डवेल आणि त्याचे तीन सोबती भिंतीवर टांगलेल्या बिछान्यांत झोपले होते. पहाटे खालून गोळ्या आल्या. सशस्त्र बंडखोरांनी त्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. शेवटी एकच पहारेकरी उरला असताना काल्डवेलने त्याला कड्यावरून ढकललं आणि चौघे निसटले. आपण माणूस मारला, या जाणिवेने २२ वर्षांचा तो मुलगा खचून गेला होता. पहारेकरी वाचल्याचं नंतर कळलं.

आरोहकांनी शांततेसाठी ठरवून केलेलं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे १९९०ची एव्हरेस्ट शांतता मोहीम. जिम व्हिटेकर यांनी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि चीन या तिन्ही देशांचे आरोहक एकत्र आणले. पहिल्या तुकडीत प्रत्येक देशाचे दोघे होते, एकूण वीस जण शिखरावर पोचले आणि डोंगरावरचा कचराही उतरवला गेला. त्यात सरकारी दिखाव्याचा भाग होताच. तरीही शीतयुद्धात वाढलेल्या माणसांनी एकमेकांच्या दोरावर भार टाकला, हे खरं आहे.

या सगळ्याच्या उलट टोकाला आहे सियाचिन, आणि इथे आरोहकांनी स्वतःकडे कठोरपणे पाहायला हवं. भारत-पाकिस्तानमधली १९४९ची युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूवर थांबली, तिच्या पुढचा बर्फ कुणी आखला नाही. १९७०च्या दशकात पाकिस्तान परदेशी मोहिमांना त्या भागात परवाने देऊ लागला. त्याला उत्तर म्हणून १९७८मध्ये कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार यांची मोहीम गेली. शिखरं चढण्याची परवानगी कोण देतो, यावरून मालकी सांगितली जाऊ लागली आणि एप्रिल १९८४मध्ये सैन्य तिथे पोचलं. म्हणजे या युद्धाची पायवाट गिर्यारोहणाच्या दोरानेच आखली गेली. तिथे गोळीपेक्षा थंडी, उंची आणि हिमप्रपात यांनी जास्त माणसं मारली. एप्रिल २०१२मध्ये गयारी इथे पाकिस्तानचे सव्वाशेहून अधिक जवान एका हिमप्रपाताखाली गेले, तर फेब्रुवारी २०१६मध्ये आपले दहा जवान.

या हिमनदीवर शांतता उद्यान व्हावं, हा आग्रह वर्षानुवर्षं धरणारे हरीश कापडिया मुंबईचे. 'ट्रेक द सह्याद्रीज' हे त्यांचं पुस्तक घेऊन आपल्याकडच्या भटक्यांच्या पिढ्या हिंडल्या. १९७४मध्ये नंदादेवी परिसरात, ६,२०० मीटरवर, ते हिमभेगेत पडले. खुब्याचा सांधा निखळला. सोबत्यांनी तेरा दिवस वाहून त्यांना तळछावणीवर आणलं, तिथून हेलिकॉप्टरने हलवलं. नंतर दोन वर्षं कुबड्यांवर चालण्यात गेली. आणि नोव्हेंबर २०००मध्ये त्यांचा मुलगा, लेफ्टनंट नवांग कापडिया, कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडला. ज्याने हे सोसलं तो माणूस सैन्य मागे घेऊन बर्फ बर्फाला परत द्या म्हणतो, तेव्हा त्याला कुणी हळवा स्वप्नाळू म्हणू नये. हा प्रस्ताव अजून कागदावरच आहे, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाऊल उचलायला कुणी तयार नाही. गिर्यारोहकांना हे कोडं नवं नाही. बिले देणारा आणि चढणारा यांच्यात आधी हाक ठरते, मग प्रत्युत्तर येतं, तोवर कुणी हलत नाही.

आपल्या सह्याद्रीतल्या गोष्टी वेगळ्या पोताच्या आहेत. इथला बेसॉल्ट थरांचा, पावसाने सैल केलेला, गवताने झाकलेला. "दगड!" अशी हाक आली की वर न बघता भिंतीला चिकटायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आग्या मोहोळ उठलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते, म्हणून कड्याखाली धूर नको, अंगाला अत्तर नको. हे नियम कुणाच्या तरी सुजलेल्या चेहऱ्यातून आणि मोडलेल्या हाडांतून आलेत.

हेच दोर गावकऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या कामी आले, याचा मला फार अभिमान वाटतो. जुलै २०१८मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर भागातले ट्रेकर. जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा रात्रीच्या पावसात, रस्ता नसलेल्या त्या डोंगरावर पोचणाऱ्यांत गिर्यारोहक होते. २०१६पासून महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर बचावाला धावणाऱ्या अशा गिर्यारोहण संस्थांना एका हाकेवर जोडतं.

उणीव आहे ती नोंदीची. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८पासून दर वर्षी अपघातांचा अहवाल छापतो: काय झालं, का झालं, काय टाळता आलं असतं. आपल्याकडे मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनात, क्लबांच्या खोल्यांत, कड्याखालच्या चुलीभोवती हे सगळं बोललं जातं आणि हवेत विरतं. मृत्यूची बातमी होते, थोडक्यात वाचल्याची होत नाही. मराठीत असा वार्षिक अहवाल निघायला हवा. त्यात क्लबाचं नाव नसलं तरी चालेल, सांगणाऱ्याचंही नसलं तरी चालेल. कडा कोणता, महिना कोणता, दोर किती जुना, अँकर कशाचा, गाठ कुणी तपासली, दोघांत शेवटची हाक कोणती झाली, एवढं असलं की पुरे. पहिला अंक पुढच्या पावसाळ्याआधी निघाला, तर हिवाळ्यात सुळक्यांवर जाणाऱ्या पोरांच्या हाती तो वेळेत पडेल.