रस्त्यावरील सायकलिंग : गिअरचा वापर आणि चेनची निगा

प्रस्तावना

नागपूर–भंडारा राष्ट्रीय महामार्गावरील शहापूर व लगतचा परिसर हा भातशेतीचा, बहुतांशी सपाट प्रदेश होय. येथे पिढ्यानपिढ्या एकाच गिअरची सायकल वापरात राहिली. त्यामुळे व्यायामासाठी वा महाविद्यालयात जाण्यायेण्यासाठी नव्याने रोड सायकल घेणाऱ्या प्राध्यापकास ‘घाट नाही, मग गिअर कशाला?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परिणामी अनेक सायकली वर्षानुवर्षे एकाच जड गिअरवर चालविल्या जातात आणि चेन तुटेपर्यंत तिच्याकडे लक्ष जात नाही. गिअर व चेन यांमागील साधे यांत्रिक तत्त्व स्पष्ट करून त्यावरून दैनंदिन वापराचे नियम मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गिअरचे तत्त्व

पुढील चेनव्हील आणि मागील दातेरी चक्र यांच्या दातांचे गुणोत्तर म्हणजे गिअर होय. पुढे ५० व मागे २० दाते असल्यास पॅडलच्या एका फेऱ्यात मागील चाक अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास सायकल एका फेऱ्यात ५.२५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेरे मारल्यास वेग ताशी सुमारे २५ कि.मी. पडतो. हाच वेग मागील १२ दात्यांच्या चक्रावर केवळ ४८ फेऱ्यांत राखता येतो. मात्र प्रत्येक वेळी पॅडलवर सुमारे १.६७ पट जोर द्यावा लागतो. दोन्ही वेळी होणारे काम सारखेच. फरक पडतो तो गुडघ्यावर व मांडीच्या स्नायूंवर येणाऱ्या भारात. तात्पर्य, गिअर शक्ती निर्माण करीत नाही. उपलब्ध शक्ती पायांना सोसेल अशा रीतीने वाटून देतो.

‘टूर द फ्रान्स’ या स्पर्धेत डिरेलरच्या वापरास १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तत्पूर्वी चढ आला की स्पर्धकांना खाली उतरून मागील चाक उलटे बसवावे लागे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० कि.मी.ची स्पर्धा एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा दीर्घ अंतरात पायांची शक्ती पुरवून वापरणे अपरिहार्य असते आणि त्याचे मुख्य साधन गिअर हेच होय. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाला जे स्थान आहे, ते सपाट प्रदेशात समोरून येणाऱ्या वाऱ्याला, उड्डाणपुलाच्या चढाला आणि पाठीवरील ओझ्याला असते, असे म्हणता येईल.

वापराचे नियम

१) वेगाऐवजी फेऱ्यांची गती स्थिर ठेवावी. नवशिक्याने मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांपासून सुरुवात करावी. पाय जड पडू लागताच हलका गिअर घ्यावा व पाय मोकळे फिरू लागल्यास जड गिअर घ्यावा.

२) चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर बदलावा. डिरेलर फिरत्या चेनवरच काम करतो. म्हणून बदलताना पॅडल फिरते ठेवावे, परंतु त्यावरील जोर क्षणभर कमी करावा. पूर्ण जोर असताना बदल केल्यास चेन उतरण्याचा वा तुटण्याचा धोका असतो.

३) पुढील मोठे चेनव्हील व मागील सर्वांत मोठे चक्र, किंवा दोन्हीकडील सर्वांत लहान चक्रे, अशी जोडी टाळावी. तिच्यात चेन तिरकी चालते व झीज वाढते.

४) थांबण्यापूर्वी हलका गिअर घ्यावा. महामार्ग ओलांडताना जड गिअरवर निघालेली सायकल डगमगते आणि अवजड वाहनांच्या रहदारीत ते काही सेकंद जिवावर बेतू शकतात.

चेनची झीज

आजची चेन ही हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये सिद्ध केलेल्या रोलर चेनचीच वंशज होय. तिच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना व त्यांभोवतीचे भाग घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील अल्पशी ढिलाई साचून चेन लांबते. लांबलेली चेन दातांवर नीट बसत नाही व दातांनाही झिजविते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली. स्वच्छ प्रयोगशाळेत तेल घालण्या-न घालण्याने तीत विशेष फरक पडला नाही. यावरून तेल अनावश्यक ठरत नाही. रस्त्यावर धूळ व पाणी असते. तेथे तेलाचे खरे कार्य झीज व गंज रोखणे हे होय.

निगा

सायकल चालवून आल्यावर कोरड्या फडक्याने चेन पुसावी. मळ साचल्यास रॉकेल वा डिझेलने ती धुऊन पूर्ण वाळवावी व नंतरच प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. काही मिनिटे पॅडल उलटे फिरवून बाहेरील जादा तेल पुसून टाकावे. कारण आवश्यक तेल सांध्याच्या आत असते आणि बाहेर राहिलेले तेल धूळ धरून चेन कानशीसारखी घासते. ग्रीस याच कारणास्तव टाळावे. घरगुती खोबरेल तेलही योग्य नाही. सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते गोठू लागते आणि विदर्भातील हिवाळी पहाट याहून बरीच थंड असते. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी कोरडी करून तिला तेल द्यावे.

झीज तपासण्यास साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये २४ सांध्यांची लांबी, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरते. ती १/१६ इंचाने वाढल्यास चेन बदलावी. वाढ १/८ इंचापर्यंत पोहोचू दिल्यास मागील चक्रेही बहुधा झिजलेली असतात; नवी चेन त्यांवरून घसरते व चेनहून अधिक खर्चाचा तो संच बदलावा लागतो.

समारोप

गिअरचा योग्य वापर शरीराची झीज कमी करतो, चेनची निगा यंत्राची. दोन्हींसाठी खर्च नगण्य आहे. लागते ती नियमितता. महिन्यातून एकदा पट्टी लावून घेतलेली नोंद ही सायकलस्वाराची बचत आणि रस्त्यावरील सुरक्षितता, दोन्ही साधणारी ठरते. महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर ही मोजणी विद्यार्थ्यांसमवेत केल्यास गुणोत्तर, घर्षण व मोजमाप हे पाठ्यपुस्तकातील विषयही प्रत्यक्ष शिकविता येतील.