जिल्ह्याची सरासरी आणि गल्लीतलं वास्तव: लोकल डेटा लॅटिनो लोकांच्या कामी कसा येतो?

कोरोनाच्या काळात आपण सगळेच फोनवर आकडे बघत होतो. अख्ख्या जिल्ह्याचा एकच मोठा आकडा दिसायचा. पण त्या आकड्यात कोण आहे, कुठे राहतं, काय काम करतं, हे कळत नसेल तर मदत नेमकी पोहोचवायची कुठे? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को काउंटीचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

आधी दोन शब्द

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही.

मेक्सिको, एल साल्वाडोर, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेले लोक आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या म्हणजे लॅटिनो. बाईसाठी लॅटिना. 'लॅटिनएक्स' हा सगळ्यांना सामावून घेणारा नवा शब्द. पण प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या सर्वेक्षणात स्वतःसाठी तो वापरणारे फक्त ४ टक्के निघाले. सरकारी डेटात 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' असं लिहितात, त्यामुळे सर्च करताना तेच टाका.

मिशन भागात काय झालं?

एप्रिल २०२० मध्ये यूसीएसएफ विद्यापीठ आणि लॅटिनो टास्क फोर्स यांनी मिशन डिस्ट्रिक्टमधला एक 'सेन्सस ट्रॅक्ट' निवडला. सेन्सस ट्रॅक्ट म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला, सरासरी ४,००० लोकवस्तीचा छोटा तुकडा. लक्षणं असोत वा नसोत, तिथल्या सगळ्यांना चार दिवस तपासणीसाठी बोलावलं.

सुरुवातीच्या निकालांत तपासलेल्यांपैकी ४४ टक्के लोक लॅटिनो होते, पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी तब्बल ९५ टक्के! कामाबद्दलही विचारलं होतं, त्यामुळे पुढची गोष्ट कळली: पॉझिटिव्ह लोकांपैकी सुमारे ९० टक्के जणांना घरून काम करणं शक्य नव्हतं. निम्म्याहून जास्त लोकांना तर लक्षणंच नव्हती. म्हणजे नुसतं 'घरीच थांबा' सांगून उपयोग नव्हता. घरी थांबलं तर पगार कोण देणार?

त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी 'राइट टू रिकव्हर' ही योजना आली. पॉझिटिव्ह आलेल्या गरजू कामगाराला दोन आठवड्यांच्या किमान वेतनाइतके, म्हणजे सुमारे १,२८५ डॉलर मिळू लागले. तपासणीही लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, मिशनमधल्या बार्ट रेल्वे स्टेशनजवळ नेली गेली.

असा डेटा फोनवर कसा बघायचा?

अमेरिकेचं सेन्सस ब्युरो दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' पाठवतं. त्याचे निकाल ब्युरोच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात.

१. काउंटीचं नाव आणि 'बी०३००३' हा टेबल नंबर टाका. हिस्पॅनिक किंवा लॅटिनो लोकसंख्या दिसेल.
२. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेसाठी 'एस१६०१' टेबल उघडा. स्पॅनिशमध्ये माहितीपत्रक छापायची गरज किती, ते इथे समजतं.
३. आता काउंटीऐवजी ट्रॅक्ट निवडा. छोट्या भागांसाठी पाच वर्षांचा एकत्रित अंदाज मिळतो, ताज्या वर्षाचा वेगळा नाही.
४. बाजूचा 'मार्जिन ऑफ एरर' बघायला विसरू नका. समजा ५०० च्या पुढे ±२०० लिहिलंय, तर खरा आकडा ३०० ते ७०० च्या दरम्यान असण्याची शक्यता जास्त.

पण थांबा, डेटातही माणसं सुटतात!

ब्युरोने स्वतःच तपासल्यावर दिसलं की २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्क्यांनी कमी मोजले गेले. आकडा कमी लागला की त्यावर ठरणारा निधीही कमी होऊ शकतो. म्हणून टेबल बघून झालं की वस्तीतल्या संस्थांनाही विचारायला हवं. मिशनमध्ये लॅटिनो टास्क फोर्स सुरुवातीपासून सोबत होता, आणि तपासणीला या असं सांगायला ओळखीची, स्पॅनिश बोलणारी माणसं दारात गेली होती.