इंग्रजी व्याकरण आणि वाचनाचा सराव : हैदराबादच्या संस्थेपासून खेड्यातील वर्गापर्यंत

माध्यमिक शाळेत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सर्वांत अधिक धास्ती वाटते ती इंग्रजीची. विशेषतः ग्रामीण भागात शालान्त परीक्षेतील अपयशास पुष्कळदा हाच विषय कारणीभूत ठरतो. विद्यार्थी कष्ट घेत नाहीत असे नव्हे. काळांचे तक्ते ते पाठ करतात, प्रयोग बदलण्याचे नियम घोकतात. परंतु अपरिचित उतारा समोर येताच त्यांची गती खुंटते. व्याकरण आणि वाचन यांची फारकत हे या अडचणीचे एक मोठे कारण होय. ती कशी दूर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हैदराबादचे कार्य

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात ज्या ठिकाणी झाला, त्यांत हैदराबादचे स्थान महत्त्वाचे आहे. मराठवाड्याचा या शहराशी असलेला शैक्षणिक संबंध जुना आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास अशा रीतीने घरची भाषा, माध्यमाची भाषा आणि इंग्रजी या तिन्हींचा मेळ घालावा लागे.

१९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन करण्यात आली. इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे व अध्यापनपद्धतीचे संशोधन करणे हे तिचे प्रमुख कार्य होते. संस्थेच्या आरंभीच्या काळात संचालकपद भूषविणारे विनायक कृष्ण गोकाक हे थोर कन्नड कवी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून महाराष्ट्रासही ते परिचित होते. १९७२ मध्ये अन्य परदेशी भाषांचा समावेश होऊन संस्थेचे नाव बदलले, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये ती इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ या नावाने केंद्रीय विद्यापीठ झाली.

नियमाकडून अर्थाकडे

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीचा अभ्यास तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांच्या आधारे झाला. नियम, शब्दार्थ व भाषांतर हा त्याचा क्रम होता. स्वातंत्र्योत्तर काळात त्याऐवजी वाक्यरचनांच्या क्रमबद्ध सरावावर भर देण्यात आला. १९७९ ते १९८४ या काळात डॉ. एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. त्यात नियम न सांगता विद्यार्थ्यांसमोर वेळापत्रक, नकाशा यांसारखे साहित्य ठेवून त्यावर आधारलेले प्रश्न सोडविण्यास देत. लक्ष अर्थावर केंद्रित झाले असता भाषेची रचना मनात आपोआप रुजत जाते, असे या प्रयोगामागील सूत्र होते.

त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातील मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक मूलभूत प्रश्न विचारला होता. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी काही रक्कम पदरी पडते. त्याप्रमाणे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या पदरी इंग्रजीचे काय उरते? अर्धवट शिकलेले व्याकरण निरुपयोगी ठरते, पण वाचनाची शक्ती थोडी आली तरी ती कामास येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या खेड्यांना हा प्रश्न आजही लागू आहे. दहावीनंतर शेतीकडे वळणाऱ्या मुलास कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना किंवा पंपासोबत आलेली माहितीपुस्तिका वाचता आली, तर त्याचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल?

अडचण नेमकी कोठे येते?

वाचनाला महत्त्व द्यावयाचे म्हणजे व्याकरण सोडून द्यावयाचे, असा मात्र याचा अर्थ नाही. मराठी विद्यार्थी कोठे अडतो हे शिक्षकाने ओळखले पाहिजे. एक वाक्य पाहू : ‘द चारमिनार, विच वॉज बिल्ट इन १५९१, स्टँड्स इन द ओल्ड सिटी ऑफ हैदराबाद.’ मराठीत आपण म्हणू, ‘१५९१ मध्ये बांधलेला चारमिनार हैदराबादच्या जुन्या शहरात उभा आहे.’

मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, ‘बांधलेला’ हे धातुसाधितही आधीच येते, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत येथे नाम प्रथम आले, त्याची माहिती मागाहून आली आणि मुख्य क्रियापद त्यानंतर मध्येच आले. ‘वॉज बिल्ट’ हेच मुख्य क्रियापद समजून विद्यार्थी तेथे थांबतो आणि ‘स्टँड्स’चे काय करावे हे त्यास कळत नाही. चिनी विद्यार्थ्यांनाही अशीच अडचण येते. त्यांच्या भाषेतही नामाची माहिती देणारा वाक्यांश नामाच्या आधीच येतो. अडचण बुद्धीची नसून दोन भाषांच्या ठेवणीतील अंतराची आहे, हे विद्यार्थ्यास समजले म्हणजे त्याचा न्यूनगंड कमी होतो.

दुसरी अडचण कर्ता ओळखण्याची. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात मराठी क्रियापद पोळीप्रमाणे, म्हणजे कर्माप्रमाणे, बदलते. इंग्रजीत ते कर्माप्रमाणे कधीच बदलत नाही. तेथे शब्दांचा क्रमच कर्ता व कर्म दाखवितो. तिसरी अडचण काळाची. ‘मी येथे पाच वर्षे राहतो’ याचे ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे शब्दशः रूपांतर होते. वस्तुतः ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे हवे. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर मराठीत नाहीतच. ‘एक’ व ‘तो’ हे शब्द त्यांचे काम काही अंशी करतात, हे दाखवून दिल्यास त्यांचा अर्थ उमगू लागतो.

एका उताऱ्याचे तीन वेळा वाचन

वर्गात पुढील क्रम सहज अनुसरता येईल. उतारा असा निवडावा की, शंभर शब्दांत अपरिचित शब्द पाचांहून अधिक नसावेत. पहिले वाचन मूक असावे. त्यानंतर उतारा कशाविषयी आहे एवढेच विचारावे. उत्तर मराठीत आले तरी चालेल. दुसऱ्या वाचनापूर्वी प्रश्न द्यावेत : चारमिनार कोठे आहे? तो केव्हा बांधला गेला?

तिसरे वाचन व्याकरणासाठी. प्रत्येक वाक्यातील मुख्य क्रियापद शोधून अधोरेखित करावयास सांगावे. मग विचारावे : ‘वॉज बिल्ट’ भूतकाळी आणि ‘स्टँड्स’ वर्तमानकाळी का? बांधकाम पूर्ण झाले, परंतु उभे असणे आजही चालू आहे, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. बांधणाऱ्याचे, म्हणजे मुहम्मद कुली कुतुबशहाचे, नाव वाक्यात का नाही? महत्त्व वास्तूस आहे म्हणून. ‘सूचना देण्यात आली’ असे लिहिणाऱ्या आपल्या कचेऱ्यांना ही रचना अपरिचित नाही! अशा रीतीने नियम शेवटी यावा आणि तो विद्यार्थ्याने स्वतः शोधलेला असावा.

सर्वांचे सहकार्य

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जात आहे. वर्षे वाढली तरी वाचावयास पुस्तकेच नसतील, तर त्या वर्षांचा लाभ मर्यादित राहील. शिक्षकांनी आठवड्यातील निदान दोन तासिका मूक वाचनासाठी राखून ठेवाव्यात. अधिकाऱ्यांनी शाळा-तपासणीच्या वेळी वह्यांबरोबर ग्रंथालयाची देवघेव-नोंदवहीही पाहावी. ग्रामपंचायतींनी वाचनालयासाठी सोप्या इंग्रजीतील गोष्टींची व शास्त्रीय माहितीची पुस्तके घ्यावीत. पालकांनी इंग्रजी येत नसले तरी मुलास एवढेच विचारावे, “आज काय वाचलेस? त्यात काय होते?” मुलाने मराठीत सांगितलेला सारांश हीच त्याच्या वाचनाची खरी परीक्षा होय.

परीक्षेचा दिवस एकदाच येतो, वाचण्याची गरज मात्र आयुष्यभर पडते. व्याकरण हे वाचनाचे साधन आहे. ते या कामी लागले, तर खेड्यातील विद्यार्थीही अपरिचित पान उघडण्यास कचरणार नाही.