रोजच्या जेवणातील लोह अंगी लागावे म्हणून

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत.

डाळी, हरभरा, बाजरी, पालेभाज्या यांत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. येथे आपल्या स्वयंपाकातील जुन्याच चवी उपयोगी पडतात. लिंबू, आवळा, कोथिंबीर यांतील ‘क’ जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. मात्र ते उष्णतेने नष्ट होत असल्याने लिंबू उकळत्या डाळीत न पिळता ताटात वाढल्यावर पिळावे. मोड आलेली मटकी किंवा आंबवलेले इडलीचे पीठ यांत लोह अडवणारे फायटेट कमी झालेले असते. लोखंडी कढईत टोमॅटो वा चिंच घातलेली भाजी शिजवल्यास थोडे लोह अन्नात उतरते. भाजी मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय मोडणे कठीण, हे खरे. तथापि चहातील टॅनिन लोह बांधून ठेवते. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे.

बालकांसाठी वेगळा स्वयंपाक करण्याचे कारण नाही. तिखट घालण्यापूर्वी त्यांचा वाटा काढून, मऊ घोटून द्यावा.

आहार हा औषधाला पर्याय नव्हे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भवतींनी दररोज आणि किशोरवयीन मुलामुलींनी दर आठवड्याला घ्याव्यात. त्याही चहाबरोबर घेऊ नयेत.