पियानो आणि गिटार : वाद्य बदलणाऱ्या विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे स्वरूप

प्रस्तावना :

पुणे शहराला संगीतशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या चित्रपटसंगीतात पियानो व हवाईयन गिटार आणण्याचे श्रेय केशवराव भोळे यांना दिले जाते. आज महाविद्यालयीन विद्यार्थी पियानो किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि उभ्या पडद्यांची साधी गिटार शिकताना दिसतात. त्यांपैकी काही जण मध्येच एक वाद्य सोडून दुसरे हाती घेतात. अशा विद्यार्थ्याची 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी संभावना होते आणि नव्या वर्गात त्याला बहुधा पहिल्या पाठापासून सुरुवात करावी लागते. या दोन्ही गोष्टी कितपत योग्य आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) सोबत येणारे ज्ञान :

वाद्य बदलले तरी ताल, लय, स्वरांतरे, स्वरसप्तकाची रचना आणि कॉर्डची घडण बदलत नाही. सा, ग, प या तीन स्वरांचा मेळ पियानोवर शिकलेल्या विद्यार्थ्याला गिटारवर तो नव्याने समजावून द्यावा लागत नाही. लंडनच्या असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक या १८८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षापद्धतीत हे तत्त्व मान्य केलेले आढळते. तिची संगीतशास्त्राची परीक्षा सर्व वाद्यांसाठी एकच असते. पियानोचा विद्यार्थी असताना पाचव्या श्रेणीची ही परीक्षा दिली असेल, तर पुढे गिटारच्या वरच्या श्रेणीसाठी ती पुन्हा द्यावी लागत नाही. वादनाची कसोटी मात्र प्रत्येक वाद्याची स्वतंत्र असते.

२) हाताला नव्याने शिकावे लागणारे :

पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर मात्र मधला 'सी' हा स्वर दुसऱ्या तारेच्या पहिल्या, तिसऱ्या तारेच्या पाचव्या आणि चौथ्या तारेच्या दहाव्या पडद्यावर मिळतो. त्यांपैकी कोणती जागा घ्यावी, हा निर्णय पियानोवादकाला कधी घ्यावाच लागलेला नसतो. शिवाय गिटारचे स्वरलेखन प्रत्यक्ष नादापेक्षा एक सप्तक वर लिहिले जाते. बोटांचे क्रमांकही वेगळे आहेत. पियानोत '१' म्हणजे अंगठा, तर गिटारच्या डाव्या हातात '१' म्हणजे तर्जनी. त्यामुळे स्वरलेखन वाचता येणारा विद्यार्थीच सुरुवातीला अधिक अडखळतो. त्याची ही चूक अज्ञानाची नसून जुन्या सवयीची असते.

शरीराच्या मागण्याही परस्परविरोधी आहेत. अभिजात गिटारसाठी उजव्या हाताची नखे वाढवावी लागतात, पियानोसाठी ती कापावी लागतात. दोन्ही वाद्ये एकाच वेळी शिकणाऱ्याला नखांऐवजी बोटांच्या टोकांनी वा प्लेक्ट्रमने तारा छेडण्याचा पर्याय स्वीकारावा लागतो. गिटारच्या तारा दाबून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात. सराव थांबला की ते मऊ होतात. म्हणून काही महिन्यांनी गिटारकडे परतणाऱ्याला सर्व काही आठवते, पण बोटे दुखतात.

३) पेटीचा संस्कार :

मराठी घरांतील अनेक विद्यार्थ्यांचे पहिले वाद्य पेटी असते. तिच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच असल्याने उजवा हात लवकर सरावतो. डावा हात मात्र भाता ओढण्यात गुंतलेला असल्यामुळे पियानोवर तो अक्षरशः पाटी कोरी घेऊन येतो. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर, तर पियानोत पट्टीवरील आघाताच्या वेगावर अवलंबून असतो.

दुसरीकडे, गाणे शिकलेल्या विद्यार्थ्याला गिटार एका बाबतीत जवळची वाटते. 'पांढरी एक'मधील गाणे 'पांढरी दोन'मध्ये घ्यायचे झाल्यास पियानोवर पट्ट्यांचा आकृतिबंध बदलतो. गिटारवर खुल्या तारा टाळून बसविलेली तीच बोटे दोन पडदे पुढे सरकवली की काम होते. सा कोठेही मानण्याची गायकाची सवय येथे उपयोगी पडते. तार खेचून मींडेचा आभासही निर्माण करता येतो. पियानोवर ते शक्य नाही.

४) शिक्षकाची भूमिका :

वाद्य बदलण्याचे कारण प्रथम जाणून घेणे आवश्यक आहे. पहिल्या वाद्यातील कठीण टप्पा टाळण्यासाठी केलेला बदल आणि वेगळ्या नादाच्या ओढीने केलेला बदल यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात तोच टप्पा, उदाहरणार्थ लयीतील कच्चेपणा, दुसऱ्या वाद्यावरही समोर उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्याला परिचित रचनाच नव्या वाद्यावर द्यावी. त्यामुळे कान आधीच जाणत असलेल्या गोष्टीकडे हाताला वळविता येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला, विज्ञान आणि अभ्यासपूरक उपक्रम यांच्यातील कठोर भेद नाकारले आहेत. संगीताला श्रेयांक देताना हा विचार महत्त्वाचा ठरतो. वाद्य बदलणाऱ्याचे पूर्वज्ञान शून्य मानले, तर तो कंटाळून संगीतच सोडण्याचा धोका असतो. त्याउलट, ते पूर्ण मानल्यास हाताचे शिक्षण अपुरे राहते.

निष्कर्ष :

१. वाद्य बदलताना श्रवण व संगीतशास्त्राचे ज्ञान विद्यार्थ्यासोबत येते. हस्तकौशल्य बव्हंशी नव्याने कमवावे लागते.
२. पूर्वीची सवय काही ठिकाणी साहाय्यक, तर काही ठिकाणी अडथळा ठरते.
३. म्हणून प्रवेशाच्या वेळी शास्त्र व वादन यांची पातळी स्वतंत्रपणे तपासावी. एकाच विद्यार्थ्याला शास्त्रात पुढच्या आणि वादनात पहिल्या वर्गात बसविणे हे त्याला न्याय देणारे ठरेल.